मीटर वाटण्याआधी स्ट्रिप्सचा हिशेब मांडा: ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
ज्येष्ठ नागरिक संघ, ठाणे (पश्चिम)

स.न.वि.वि.

गेल्या मासिक सभेत आपण जाहीर केलंत की एका देणगीदाराच्या मदतीने येत्या १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, संघातल्या सगळ्या मधुमेही सभासदांना ग्लुकोमीटर, म्हणजे घरी रक्तातली साखर मोजायची मशीनं, भेट द्यायचे. टाळ्या पडल्या. मग सचिवसाहेब म्हणाले, कुणाच्या सूचना असतील तर लेखी द्या. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी लिहिते आहे की हाच बेत दर नोव्हेंबरात कळव्यापासून ऐरोली-नेरूळपर्यंत कुठल्या ना कुठल्या संघात शिजत असतो, आणि सगळीकडे चर्चा एकाच ठिकाणी अडकते: मशीन कुठल्या कंपनीचं घ्यायचं?

मशीन सगळ्यात शेवटी निवडा, असं माझं म्हणणं आहे. आधी स्ट्रिप, म्हणजे मशीनमध्ये घालून रक्ताचा थेंब लावायची पट्टी, निवडा, आणि त्याच्याही आधी ती कुणाला लागणार आहे ते ठरवा.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. निवृत्त झाले तरी सोसायटीतलं कुणी ना कुणी मशीन हातात घेऊन दारात उभं असतंच. ‘ताई, हे बरोबर दाखवतंय का हो?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याच्या अलीकडचे-पलीकडचे बाकीचे प्रश्नही आता पाठ झालेत. तेच इथे मांडते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागात एका कार्यक्रमात मीटर वाटले गेले होते. संस्थेचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. खोक्यात मशीन, टोचायचं पेन आणि १० स्ट्रिप्स. स्टेजवर फोटो झाले. त्या १० स्ट्रिप्स पंधरवड्यात संपल्या. मग लोक केमिस्टकडे गेले, तर ‘ह्या कंपनीच्या ठेवत नाही काका, ऑर्डर देऊन मागवाव्या लागतील’. मागवल्या, आल्या, पुन्हा मागवल्या तर माल येणंच बंद. ती मशीनं आजही अनेकांच्या शोकेसच्या खणात पडून आहेत, सेलसकट. एका कंपनीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप चालत नाही. पुष्कळदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचीही चालत नाही. म्हणजे आपण सभासदाला मशीन देत नाही, त्याला पुढची काही वर्षं एका विशिष्ट स्ट्रिपच्या दावणीला बांधतो.

हिशेब मांडून बघा. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेणाऱ्या सभासदाला डॉक्टरांनी रोज दोनदा तपासायला सांगितलंय असं धरू. महिन्याला ६० स्ट्रिप्स झाल्या. बाजारात एक स्ट्रिप दहा-बारा रुपयांपासून तीस-पस्तीसपर्यंत पडते. मधला २० चा भाव धरला तरी महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये. मशीन हजाराच्या आतबाहेर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुलै २०२१ मध्ये सरकारने ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन वगैरे पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली आणि बऱ्याच ब्रँडच्या छापील किमती उतरल्या. चांगलंच झालं. पण पेन्शनीतून दरमहा जातो तो स्ट्रिप्सच्या डबीचा पैसा, आणि खोकं उघडताना त्याचा विचार कुणी करत नाही.

म्हणून पहिली सूचना. कोटेशन मागवण्याआधी कार्यकारिणीतल्या दोघांनी गोखले रोड, वर्तकनगर, कोपरी आणि घोडबंदरच्या बाजूला दहा-बारा केमिस्टच्या दुकानांत जाऊन फक्त एवढं विचारावं: अमुक मशीनच्या २५ स्ट्रिप्सची डबी आत्ता, दुकानात आहे का? मागवून देऊ नका, काढून दाखवा. मग डबीवरची मुदत वाचावी. ज्या स्ट्रिप्स दहांपैकी आठ दुकानांत सापडतील आणि ज्यांच्या मुदतीला वर्षभर तरी बाकी असेल, त्यांचंच मशीन यादीत ठेवावं. मुलं ऑनलाइन मागवून देतात हे मला ठाऊक आहे. पण मुलगा बंगळुरूला आणि डबी इथे रविवारी रात्री संपलेली, हेही होतं. आणि ऑनलाइनवर एका डबीवर दुसरी फुकट दिसली की आधी मुदत बघायची, मग आनंद मानायचा.

२५ ची डबी मी मुद्दाम म्हटलं. ५० ची डबी दर स्ट्रिपमागे स्वस्त पडते, म्हणून लोक तीच घेतात. पण डबी उघडल्यानंतर स्ट्रिप्स किती दिवस चालतात हे कंपनीगणिक वेगळं असतं. काहींच्या ३ महिने, काहींच्या ६, काहींच्या थेट छापील मुदतीपर्यंत. गोळ्यांवर असलेला सभासद आठवड्यातून दोनदा तपासत असेल तर ५० स्ट्रिप्स त्याला जवळजवळ सहा महिने पुरतात. त्याची डबी उघडल्यावर ३ महिने चालणारी असेल, तर निम्म्या स्ट्रिप्स फेकायच्या किंवा खोटे आकडे वाचायचे. फेकत कुणीच नाही. हा तपशील डबीच्या लेबलवर बारीक अक्षरांत असतो, तो कोटेशनमध्ये लेखी मागा. आणि सभासदांना सांगा, डबी उघडली त्या दिवशी तारीख पेनाने डबीवर लिहायची.

आता आपल्या ठाण्याच्या पावसाबद्दल. स्ट्रिपच्या टोकाला एंझाइमचा अगदी पातळ थर असतो. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते, त्यातून बारीकसा विजेचा प्रवाह निर्माण होतो, आणि तो मोजून मशीन आकडा देतं. बहुतेक मशीनं याच तत्त्वावर चालतात. काही रंग बदलण्यावर चालतात. एंझाइम दोन्हींत असतं, आणि दमट हवा व उष्णता त्याच्या मुळावर येतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्या शहरात दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, त्या शहरात स्ट्रिपची डबी उघडी ठेवून गप्पा मारायच्या नसतात. डबीच्या झाकणात किंवा आतल्या भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, म्हणून स्ट्रिप काढली की लगेच झाकण ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायचं. स्ट्रिप्स दुसऱ्या डबीत ओतायच्या नाहीत, जुन्या आणि नव्या एकत्र करायच्या नाहीत. ओट्याजवळ नको, बाथरूममधल्या कपाटात नको, खिडकीत नको. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर डबीला घाम फुटतो तो आतल्या स्ट्रिप्सनाही सोडत नाही. बहुतेक स्ट्रिप्स ३० अंशांच्या आत ठेवायला सांगतात, आणि मे महिन्यात आपली घरं त्याच्या वर जातात, म्हणून घरातलं सगळ्यात थंड, कोरडं कपाट शोधायचं. काही कंपन्या प्रत्येक स्ट्रिप वेगळ्या फॉइलमध्ये देतात. आठवड्यातून एकदाच तपासणाऱ्याला ती पावसाळ्यात सोयीची. पण ती फॉइल फाडणं थरथरत्या हाताला जमतं का, हा पुढचा प्रश्न.

तो प्रश्न मी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्या शेजारच्या इमारतीतले एक काका, वय ऐंशीच्या पुढे, हातांना कंप. त्यांनी माझ्यासमोर डबी उघडली आणि डबीच्या अरुंद तोंडातून एक स्ट्रिप काढायला गेले. बोटाची अग्रं बधिर असल्यामुळे एक पकडली की दोन वर येतात आणि तिसरी खाली पडते. शेवटी त्यांनी डबी तळहातावर उलटी केली, सात-आठ स्ट्रिप्स घामेजल्या हातावर पसरल्या, त्यातली एक उचलली आणि बाकीच्या परत डबीत टाकल्या. मग स्ट्रिप मशीनमध्ये उलटी घातली. सरळ केली तोवर बोटावरचा थेंब सुकला होता, म्हणून दुसरं बोट टोचलं. हे सगळं ते रोज सकाळी एकटे करतात, कारण काकूंना दिसत नाही. त्यांच्या मशीनच्या खोक्यावर ‘फक्त ५ सेकंदांत निकाल’ असं छापलेलं होतं.

तेव्हा मशीनचा नमुना ऑर्डरच्या आधी संघाच्या कार्यालयात मागवा आणि आपल्यातल्या सगळ्यात वयस्क तिघाचौघांच्या हातात द्या. कुणी मदत करायची नाही. डबी उघडता येते का, स्ट्रिप कुठल्या बाजूने घालायची ते कळतं का, आकडा चष्म्याशिवाय वाचता येतो का, स्क्रीनला दिवा आहे का, वापरलेली स्ट्रिप हात न लावता बटणाने बाहेर पडते का, हे बघा. थेंब कमी पडला तर काही मशीनं अर्धा मिनिट थांबून आणखी रक्त घेतात, काही सरळ एरर दाखवून स्ट्रिप वाया घालवतात. म्हाताऱ्या बोटांसाठी पहिला प्रकार बरा. जुन्या पद्धतीच्या मशीनना प्रत्येक नव्या डबीबरोबर कोडची चिप बदलावी लागते किंवा नंबर जुळवावा लागतो. तो विसरला तर आकडा चुकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्या वयाच्या लोकांना कोड नसलेलंच मशीन द्यावं, यावर मी वाद घालायलाही तयार नाही. सेल कुठला लागतो तेही विचारा, कारण तो बदलला की बऱ्याच मशीनची तारीख-वेळ पुसली जाते आणि मग डॉक्टरांना मेमरीत सगळी रीडिंग्ज कुठल्यातरी जानेवारीतली दिसतात. (डायरी असतेच म्हणा. पण डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिलेल्या डायऱ्या मी भरपूर बघितल्यात.)

आता तो ‘बरोबर दाखवतंय का’. घरगुती मशीनसाठी जगभर मानला जाणारा मापदंड आहे आयएसओ १५१९७, त्याची २०१३ ची आवृत्ती. तो असं म्हणतो की साखर १०० च्या आत असेल तर शंभरातली किमान ९५ रीडिंग्ज लॅबच्या आकड्याच्या १५ वर-खाली असली पाहिजेत, आणि १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्के वर-खाली. म्हणजे खरी साखर २०० असताना मशीनने १७२ दाखवलं काय किंवा २२८ दाखवलं काय, ते पासच. लागोपाठ दोनदा टोचून १८४ आणि १९७ आलं म्हणून मशीन बिघडलं असं नसतं, हे निदान अर्ध्या सभासदांना सांगायची गरज आहे. उलट खालच्या बाजूला हीच सूट धोक्याची ठरते. मशीन ७५ दाखवतंय आणि माणसाला दरदरून घाम फुटलाय, हात कापतायत, तर आकड्यावर विसंबून बसायचं नाही, कारण खरी साखर ६० असू शकते. विक्रेत्याला विचारायचं ते हे: तुमचं मशीन २०१३ च्या मापदंडात बसतं का, आणि ते कागदावर द्याल का? ग्लुकोमीटर आता आपल्याकडे औषध कायद्याखाली येतात, तेव्हा लायसन्स नंबर आणि आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता खोक्यावर असलाच पाहिजे. जो विक्रेता ‘मॅडम, सगळी मशीनं सारखीच असतात’ म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

लॅबचा आकडा आणि मशीनचा आकडा जुळत नाही, ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण जेवणानंतरचे आकडे ताडून बघत असतात. तिथे ते जुळणारच नाहीत. लॅब शिरेतलं रक्त घेते, मशीन बोटाचं. जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते, कधी कधी वीसेक टक्क्यांनीही, कारण शिरेपर्यंत येताना शरीराने त्यातली काही वापरलेली असते. उपाशीपोटी हा फरक फारसा राहत नाही. शिवाय लॅबचाही आकडा देवाने दिलेला नसतो. नळीतलं रक्त वेळेत वेगळं केलं नाही तर पेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. घरून सकाळी सातला नेलेलं रक्त दहा घरं फिरून साडेदहाला लॅबमध्ये पोचलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. फ्लोराइडची करड्या झाकणाची नळी त्यासाठीच असते, पण तिचाही परिणाम लगेच सुरू होत नाही. ताडूनच बघायचं असेल तर सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाताना मशीन बरोबर न्यावं, हात धुवावेत, आणि शिरेतून रक्त काढतानाच बोट टोचावं. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर मशीनला नावं ठेवायची नाहीत.

आणि हात धुणं. हे इतकं साधं आहे की कुणी मनावर घेत नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी धावत आल्या, ‘अहो, ३३७ झाली, ॲडमिट करायचं का?’ नातवंडांसाठी हापूसचा रस काढत होत्या. हात पदराला पुसून, वर स्पिरिटचा बोळा फिरवून बोट टोचलं होतं. मी साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले, दुसरं बोट टोचलं. १५१. फळांचा रस बोटाला राहिला तर नुसत्या स्पिरिटने तो जात नाही. थेंबात मिसळतो आणि मशीन इमानदारीने आंब्याची साखर मोजतं. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिनचे दोन युनिट वाढवले असते तर? वाहतं पाणी, साबण, कोरडं बोट, आणि बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचायचं. तिथे कमी दुखतं. थेंब येत नाही म्हणून बोट कचकचून पिळायचं नाही, हात खाली सोडून जरा झटकायचा.

काही सभासदांच्या बाबतीत मशीन चांगलं असूनही आकडा फसवतो. ज्यांना रक्तक्षय आहे, म्हणजे हिमोग्लोबिन बरंच कमी, त्यांची साखर पुष्कळ मशीनं खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्या वयाच्या बायकांत हे काही दुर्मीळ नाही. प्रत्येक मशीनच्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा दिलेली असते. ती जितकी रुंद तितकं आपल्यासाठी बरं. ज्यांना घरी ऑक्सिजन लावलाय त्यांच्या बाबतीत ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या एंझाइमच्या स्ट्रिप्स कमी आकडा दाखवू शकतात. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे पोटातून डायलिसिस घेणारे. त्यांच्या डायलिसिसच्या द्रावात आयकोडेक्स्ट्रिन नावाचा घटक असेल तर जीडीएच-पीक्यूक्यू नावाच्या एंझाइमच्या स्ट्रिप्स त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या माल्टोज या वेगळ्या साखरेलाही ग्लुकोज समजतात. साखर खरोखर घसरलेली असताना मशीन भरपूर दाखवतं. यातून मृत्यू झाले आहेत, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००९ मध्ये त्यावर जाहीर इशारा दिला होता. आपल्या संघात असं कुणी असेल तर त्याला संघाचं मशीन देऊच नका. त्याच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारून वेगळं घ्या.

मग द्यायचं कुणाला? देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आलंय, आणि आपल्या सभागृहात हात वर करायला सांगितलं तर खुर्च्यांपेक्षा हातच जास्त दिसतील. पण सगळ्यांना घरी मशीनची सारखी गरज नसते. इन्सुलिन घेणाऱ्यांना ते हवंच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हवं, कारण त्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते, विशेषतः जेवण चुकलं किंवा चतुर्थीचा उपास केला तर. नुसत्या मेटफॉर्मिनवर व्यवस्थित चाललेल्या माणसाला रोज बोट टोचून फारसं काही हाती लागत नाही. त्याला तीन-सहा महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी लॅबची तपासणी) आणि अधूनमधून डॉक्टरांची भेट पुरते. असे लोक मशीन मिळालं की उगाच काळजीला लागतात. बटाटावडा खाल्ला की टोच, भांडण झालं की टोच. कुणाला गरज आहे ते ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर आणायला सांगा. यादी बहुधा एक तृतीयांशावर येईल. उरलेल्या देणगीतून त्याच लोकांना वर्षभराच्या स्ट्रिप्स द्या, दर तीन महिन्यांनी, ताज्या मुदतीच्या. सगळ्या एकदम देऊ नका, कपाटात मरतील.

परदेशातल्या मुलांनी आणलेल्या मशीनबद्दल दोन शब्द. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातली मशीनं वेगळ्या एककात आकडा देतात. तिथलं ७.८ म्हणजे आपलं १४०. १८ ने गुणायचं. स्क्रीनवर ११ बघून साखर खाली गेली समजून चमचाभर साखर तोंडात टाकणारा माणूस आधीच २०० च्या जवळ असतो. आणि त्या स्ट्रिप्स इथे मिळतीलच असं नाही. अशी मशीनं कपाटातच राहू द्या.

सुईशिवाय साखर मोजणारी घड्याळं आणि अंगठ्या यांच्या जाहिराती आपल्या ग्रुपवर रोज फिरतात. असं एकही घड्याळ मान्यताप्राप्त नाही, असा इशारा एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलाय. देणगीच्या पैशातून ते घ्यायचं कुणी सुचवलं तर विषय तिथेच मिटवा. दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर ही वेगळी आणि खरी गोष्ट आहे, इन्सुलिनवाल्यांना फार उपयोगी, पण त्याचा खर्च आपल्या देणगीत बसणारा नाही.

शिबिराचं मात्र गांभीर्याने घ्या. त्या दिवशी सभागृहात मोफत साखर तपासणीही ठेवलीय असं ऐकलं. टोचायचं पेन एकाचं एकालाच. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला वापरायचं नाही, कारण पेनाला लागलेलं न दिसणारं रक्त हिपॅटायटिस बी पसरवायला पुरतं. शिबिरात एकदा टोचली की आपोआप निकामी होणारी लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, वापरायची, प्रत्येकाला नवी, हातमोजेही नवे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत जातील. ओल्या कचऱ्यात आल्या तर त्या पालिकेच्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात. घरी वाटलेल्या मशीनबरोबर हेही समजावून सांगायला लागेल.

मशीन आणि स्ट्रिप्स खरंच जुळतात का हे तपासायला कंट्रोल सोल्यूशन नावाची छोटी बाटली मिळते. त्यात साखरेचं ठरावीक प्रमाण असतं आणि आकडा किती यायला हवा ते स्ट्रिपच्या डबीवर छापलेलं असतं. केमिस्टकडे ती क्वचितच असते, पण घाऊक ऑर्डर देणाऱ्या संघाला कंपनी देऊ शकते. ऑर्डरच्या अटींत लिहून घ्या. एक बाटली कार्यालयात ठेवू, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सभासदांनी मशीन घेऊन यावं. उघडल्यावर तिचीही मुदत बहुधा ३ महिनेच असते, तेवढं मी बघेन.

आणि प्रत्येक खोक्यात एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड, ठळक मराठीत. ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, मग काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. स्क्रीनवर इंग्रजीत ‘लो’ आलं तर साखर मशीनला मोजता येणार नाही इतकी खाली गेलीय; सेल संपला असं समजून सेल शोधायला जाणारे मी पाहिलेत. ‘हाय’ आलं तर हात धुवून पुन्हा एकदा तपासायचं, आणि तेच आलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. डॉक्टरांचा आणि घरातल्या एकाचा फोन नंबर लिहायला कार्डावर मोकळी जागा ठेवा. कार्डाचा मजकूर मी लिहून देते, छपाई संघाने बघावी.

देणगीदारांना स्टेजवर शंभर खोकी वाटल्याचा फोटो हवा असेल आणि पस्तीस खोकी कमी वाटत असतील, तर त्यांच्याशी मी स्वतः बोलते. वर्षभराच्या स्ट्रिप्सच्या प्रत्येक वाटपाला त्यांच्या नावाचा फलक लावू. एकाऐवजी चार फोटो निघतील. दुकानांच्या पाहणीसाठी मला घोडबंदरची बाजू द्या, सकाळी ११ नंतर मी मोकळी असते. कोटेशन मागवायची तारीख मात्र तेवढी पुढे ढकला.

कळावे,
आपली,
संघाची एक सभासद
(निवृत्त लॅब टेक्निशियन), ठाणे पश्चिम